आधी आकडे बघा, मग कर्व्ह बदला

या वेळी नाशिक आणि आसपासच्या भागातून आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावर आहेत, मिडी कीबोर्डचा टच. (मिडी म्हणजे कीबोर्डने लॅपटॉपला आकड्यांत निरोप द्यायची भाषा, टच म्हणजे आपल्या बोटांना कीबोर्ड कसा उत्तर देतो ते.) कोणाला आवाज बारीक येतोय, कोणाला अंगावर येतोय, कोणी दाबून दाबून थकलंय तरी काही होत नाही. म्हणून माइक आणि मिक्सरचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत, हा अंक सगळा टचलाच दिलाय.

प्रश्न: नमस्कार सर. मी सिडकोत राहतो. लहानपणापासून पेटी वाजवतो, आधी भजनी मंडळात आणि आता ऑर्केस्ट्रामध्येपण. मागच्या वर्षी ४९ कीजचा मिडी कंट्रोलर घेतला, लॅपटॉपला जोडून पियानो, स्ट्रिंग, बासरी असे आवाज वाजवतो. प्रॉब्लेम असा की एक सूर एकदम बारीक येतो आणि पुढचा एकदम अंगावर येतो. कीबोर्डमध्ये सॉफ्ट, नॉर्मल आणि हार्ड असे तीन कर्व्ह आहेत, तिन्ही लावून बघितले, प्रत्येकाचा त्रास वेगळा. यातला बरोबर कुठला? लॅपटॉपवर आकडे दिसतात त्याचा स्क्रीनशॉट सोबत पाठवतोय.
– एक वाचक, सिडको

उत्तर: दादा, स्क्रीनशॉट पाठवलात हे फार बरं केलंत, कारण सगळं उत्तर त्यातच आहे. तुम्ही सा रे ग म प एका लयीत सरळ वाजवलंय आणि आकडे आलेत ४१, ८८, ५२, ९७, ४६. कानाला जे खालीवर लागतंय ते हेच. आता कर्व्ह, म्हणजे हाताचा आकडा बदलून पुढे पाठवायची सेटिंग, कुठलाही लावा, तो या सगळ्यांना मिळून वर ढकलेल नाहीतर मिळून खाली ओढेल, पण एका सुराला ४१ आणि शेजारच्याला ८८ हा जो विस्कळीतपणा आहे तो तसाच राहणार. म्हणून तुम्हाला तिन्हीकडे त्रास झाला. कीबोर्ड बिघडलेला नाही, तीनपैकी कुठला कर्व्हही चुकीचा नाही.

हे आकडे येतात कुठून ते आधी बघू. कंट्रोलरच्या प्रत्येक कीखाली रबराची पट्टी असते आणि तिच्यात त्या कीचे दोन छोटे काळे कॉन्टॅक्ट असतात, की खाली जाताना एक जरा आधी टेकतो आणि दुसरा जरा नंतर. आतली चिप फक्त या दोघांमधला वेळ मोजते. वेळ कमी लागला म्हणजे की झटक्यात गेली, आकडा मोठा. वेळ जास्त लागला म्हणजे की सावकाश गेली, आकडा छोटा. याला व्हेलॉसिटी म्हणतात, १ ते १२७ पर्यंत जाते, आणि शून्य वापरत नाहीत कारण मिडीमध्ये शून्य व्हेलॉसिटीची नोट आली की ती नोट बंद झाली असं धरतात. १९८३ साली मिडी आलं तेव्हापासून हे असंच चालत आलंय. म्हणजे तुम्ही की किती ताकदीने दाबली हे कीबोर्डला कळतच नाही, किती वेगाने खाली गेली एवढंच कळतं, आणि अर्ध्याअधिक लोकांचा गोंधळ इथेच होतो, आवाज वाढवायचा म्हणून ते की तळाला रेटत बसतात आणि मनगट दुखवून घेतात.

पेटीवर काय होतं? की दाबली की आतली झडप उघडते, हवा रीडमधून जाते, बस्स. आवाज लहानमोठा करायचं काम भात्याचं म्हणजे दुसऱ्या हाताचं. वाजवणाऱ्या हाताने की हळू दाबली काय आणि चटकन दाबली काय, ऐकणाऱ्याला फारसा फरक कळत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं उत्तम पेटी वाजवणाऱ्याच्या बोटांनाही वेग सारखा ठेवायची सवय लागलेली नसते, लागायचं कारणच नव्हतं! अंगठा जड पडतो, करंगळी हलकी पडते, पेटीवर ते लपतं आणि इथे उघडं पडतं. यात तुमच्या हाताचा काही दोष नाही, वाद्यच वेगळं आहे.

तेव्हा तुम्ही आवाजाप्रमाणे दोन वेगळ्या सेटिंग ठेवा असं मी सांगेन. पेटी, ऑर्गन, स्ट्रिंग, बासरी असे लांब टिकणारे आवाज वाजवताना व्हेलॉसिटी फिक्स करून टाका, बहुतेक कंट्रोलरमध्ये फिक्स्ड नावाचा चौथा पर्याय असतो किंवा सॉफ्टवेअरमध्ये करता येतं, १०० च्या आसपास ठेवा. आणि आवाज लहानमोठा करायला एक्स्प्रेशन पेडल घ्या, ते सीसी ११ ला लावा (सीसी म्हणजे मिडीतले कंट्रोलचे नंबर). हा पायाने चालणारा भाताच समजा, तुमच्या हाताला जी विद्या येते ती तशीच्या तशी कामाला येईल. सीसी ७ ला लावू नका, ते चॅनलचं मूळ व्हॉल्यूम असतं, ते एकदा बसवून सोडून द्यायचं आणि त्याच्या आत सीसी ११ ने खालीवर करायचं. घेण्याआधी एक बघा, छोट्या कंट्रोलरला बऱ्याचदा फक्त सस्टेन पेडलचा जॅक असतो, एक्स्प्रेशनचा नसतो. तसं असेल तर मॉड व्हील (कीबोर्डच्या डाव्या बाजूचं चाक) किंवा एखादा फेडर (सरकवायची दांडी) सीसी ११ ला लावून डाव्या हाताने चालवा, भात्याचा हात मोकळाच आहे.

पियानोला मात्र फिक्स्ड करू नका, पियानोचा जीव जातो. तिथे रेंज आवळायची. एबलटन लाइव्ह या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये व्हेलॉसिटी नावाचंच मिडी डिव्हाइस आहे, त्यात आऊट लो ५५ आणि आऊट हाय १०५ ठेवा. मग तुमचे ४१ जाऊन साधारण ७१ होतात आणि ८८ चे साधारण ९०. आधी दोघांत ४७ चं अंतर होतं ते १९ वर येतं, कानाला एकदम शहाण्यासारखं वाटायला लागतं. लॉजिक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम व्हेलॉसिटी प्रोसेसर करतो. मग रोज थोडा वेळ आकडे समोर ठेवून अलंकार वाजवा, फक्त आकडे जवळजवळ येतात का एवढंच बघत, आणि हात बसत जाईल तशी रेंज हळूहळू मोकळी करत न्या, ४५ ते ११५, मग ३० ते १२०, असं. घाई नको.

आता कर्व्ह म्हणजे नेमकं काय तेही सांगून टाकतो कारण पुढच्या पत्रांनाही ते लागणार आहे. हाताने दिलेला आकडा आत जातो आणि बदललेला आकडा बाहेर येतो, त्यांच्यातलं नातं म्हणजे कर्व्ह. सरळ रेषा असेल तर ६४ गेले की ६४ च येतात. रेषा वर फुगलेली असेल तर हलक्या हातालाही मोठा आवाज मिळतो, खाली झुकलेली असेल तर मोठ्या आवाजासाठी जास्त वेग द्यावा लागतो. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये हा फुगवटा एका घातांकाने ठरतो, आकड्याला १२७ ने भागायचं, घात घ्यायचा, परत १२७ ने गुणायचं. घातांक ०.७ घेतला तर ३० चे ४६ होतात, ६४ चे ७९ आणि १०० चे १०७. घातांक १.५ घेतला तर तेच ३० चे १५ होतात, ६४ चे ४५, १०० चे ८९. बघा, दोन्हीकडे टोकं जागेवरच आहेत, बदल सगळा मधल्या भागात होतो, आणि आपलं निम्म्याहून जास्त वाजवणं त्या मधल्या भागातच असतं.

कीबोर्डवर लिहिलेल्या नावावर अजिबात विसंबू नका. एका कंपनीचा सॉफ्ट म्हणजे हलक्या हाताच्या माणसासाठी, म्हणजे आवाज लवकर मोठा होतो, आणि दुसरीचा सॉफ्ट म्हणजे आवाज मऊ येतो, बरोबर उलट. कर्व्ह बदलायचा, त्याच हाताने तोच अलंकार परत वाजवायचा, आकडे वर गेले की खाली आले ते बघायचं, विषय संपला. आकडे बघायला विंडोजवर मिडी-ऑक्स आणि मॅकवर मिडी मॉनिटर फुकट मिळतं, नाहीतर ज्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करता त्यात रेकॉर्ड करून पियानो रोल उघडा, खाली दांड्या दिसतात त्याच व्हेलॉसिटी.

आणि कर्व्ह एकाच जागी बदलायचा, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. कीबोर्डमध्ये एक कर्व्ह, रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये दुसरा आणि पियानोच्या प्लगइनमध्ये (आवाज देणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरमध्ये) तिसरा असं नकळत होऊन बसतं, पियानोटेकसारख्या प्लगइनला स्वतःचा कर्व्ह असतोच. तिन्ही एकमेकांवर चढले की मग काय बदललं म्हणजे काय होईल याचा कोणालाच पत्ता लागत नाही. दोन जागी सरळ रेषा ठेवा, एकाच जागी काय ते करा. मोठा बदल हवा असेल तर तो कीबोर्डच्या आतच करा, कारण कीबोर्ड मूळ वेळ मोजतो तो बराच बारकाईने मोजतो आणि मग त्याचे १२७ भाग करतो. सॉफ्टवेअरला आयते १२७ आकडे मिळतात, तेवढ्याचीच ओढाताण करावी लागते. घातांक ०.५ केला तर १ चे ११ होतात, २ चे १६, ३ चे २०, मधले आकडे कधी वाजतच नाहीत आणि ११ च्या खालचा आवाज तर हातातून गेलाच. बारीकसारीक बदलाला सॉफ्टवेअर चांगलं, ठोक बदलाला कीबोर्ड.

प्रश्न: माझ्या कीबोर्डच्या मधल्या पट्टीतल्या दोनच कीज नेहमी फुल आवाजात वाजतात, कितीही हळू दाबल्या तरी. मिरवणुकीत वाजवल्यानंतर हे सुरू झालं. कुठला कर्व्ह लावू म्हणजे त्या बाकीच्यांसारख्या होतील?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर: कुठलाच नाही. कर्व्ह सगळ्या कीजना सारखाच लागतो, दोनच कीजचा त्रास असेल तर तो कॉन्टॅक्टचा आहे. वर सांगितलं तसं दोन कॉन्टॅक्टमधला वेळ मोजायचा असतो, पहिला नीट टेकलाच नाही तर चिपचा हिशोब चुकतो आणि एखादी की कायम १२७ द्यायला लागते, नाहीतर वाजतच नाही. मिरवणुकीनंतर सुरू झालं म्हणजे गुलाल आत गेलाय हे जवळजवळ नक्की, गुलालाची पूड इतकी बारीक असते की कीजच्या फटीतून थेट रबरावर जाऊन बसते आणि त्यात पावसाळी दमटपणा मिळाला की चिकटून राहते. कीबोर्ड उघडून रबराची पट्टी काढायची, तिच्यावरचे काळे ठिपके आणि खालच्या बोर्डावरच्या काळ्या जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीवर घेऊन हलकेच पुसायच्या, खरडायचं नाही, घासायचं नाही, पूर्ण वाळू द्यायचं आणि मग बसवायचं. हे आयपीए इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाच्या दुकानात मागितलं की देतात. वॉरंटी चालू असेल तर मात्र स्वतः उघडू नका. आणि पुढच्या मिरवणुकीत कीजवर ताणून बसणारं पातळ कापडी कव्हर टाकून, जेवढा भाग वाजवायचा तेवढाच उघडा ठेवा.

प्रश्न: दादा, मी इंजिनीअरिंगला आहे, कॉलेज रोडला रूमवर छोटा सेटअप केलाय. कीबोर्डला आफ्टरटच आहे म्हणून मुद्दाम तो घेतला. स्ट्रिंगच्या आवाजाला आफ्टरटचने व्हायब्रेटो (सुराची थरथर) लावलाय पण होतं काय की दाबतोय दाबतोय काहीच होत नाही आणि मग एकदम पूर्ण व्हायब्रेटो येतो, स्विच दाबल्यासारखा. आणि कधी कधी नुसती जोरात नोट वाजवली तरी सुरुवातीला थरथर येते. व्हेलॉसिटीचे सगळे कर्व्ह लावून झाले.
– एक वाचक, कॉलेज रोड

उत्तर: मित्रा, व्हेलॉसिटीचे कर्व्ह लावून काही होणार नव्हतंच कारण ते खातंच वेगळं आहे. व्हेलॉसिटी म्हणजे की खाली जातानाचा वेग, आफ्टरटच म्हणजे की तळाला टेकल्यानंतर तू वरून जो दाब देतोस तो, इथे मात्र खरंच दाब मोजला जातो. तुझ्या कीबोर्डला चॅनल आफ्टरटच असणार, बहुतेकांना तोच असतो, सगळ्या कीजच्या खालून एकच दाबाची पट्टी गेलेली असते आणि पूर्ण कीबोर्डचा मिळून एकच आकडा निघतो, ० ते १२७. म्हणजे तू चार सुरांचा कॉर्ड धरलास आणि एका करंगळीने दाबलंस तरी चारही सूर थरथरणार. प्रत्येक कीचा वेगळा दाब मोजणारा पॉलिफोनिक आफ्टरटच वेगळा, तो यामाहाच्या सीएस-८० मध्ये सत्तरच्या दशकातच होता, मिडीतही त्याचा वेगळा मेसेज आहे, पण तसे कीबोर्ड आजही कमीच.

आता तुझ्या आकड्यांकडे येऊ. मॉनिटर उघड, एक की धर आणि एकदम सावकाश दाब वाढवत ने. मला वाटतं तुला ०, ०, ०, ९, ५८, १२७ असं काहीतरी दिसेल. ही पट्टी ज्या मटेरियलची असते त्याचा रेझिस्टन्स दाबाबरोबर सरळ रेषेत बदलत नाही, सुरुवातीला काही कळत नाही आणि मग भराभर घसरतो, त्यात वर फेल्ट किंवा रबर असतं ते आधी दबायला लागतं. म्हणून मधला भाग इतका अरुंद होतो की बोटाला सापडतच नाही. काही कीबोर्ड हे आतून बरंच सुधारून घेतात, काही घेत नाहीत.

पहिलं काम, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये किंवा कंपनीच्या एडिटर सॉफ्टवेअरमध्ये आफ्टरटचचा कर्व्ह वेगळा आहे का ते शोध. आर्टुरियाच्या कीस्टेपला उदाहरणार्थ मिडी कंट्रोल सेंटरमधून व्हेलॉसिटीचा कर्व्ह वेगळा आणि आफ्टरटचचा वेगळा बदलता येतो. तुझ्याकडे असेल तर एक्स्पोनेन्शियल लाव, म्हणजे सुरुवातीला आकडा हळू वाढेल. घातांक २ धरला तर ६४ चे ३२ होतात, ३२ चे ८, म्हणजे ज्या जागी आधी एकदम अर्धा व्हायब्रेटो यायचा तिथे आता पाव येईल आणि बोटाला खेळायला जागा मिळेल.

कीबोर्डमध्ये सोय नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये कर. लॉजिकमध्ये मॉडिफायर, क्यूबेसमध्ये इनपुट ट्रान्सफॉर्मर, यातून आफ्टरटच सीसी १ करून घे आणि जाताजाताच स्केल कमी कर. पण खरं सांगू का, सगळ्यात मोठा फरक सिंथच्या, म्हणजे आवाज तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, आतच पडतो. मॉड्युलेशन मॅट्रिक्समध्ये, म्हणजे कशाने काय बदलायचं त्या यादीत, आफ्टरटचपुढे व्हायब्रेटोची खोली शंभर टक्के ठेवलेली असते, ती वीस-पंचवीसवर आण. मग १२७ आला तरी जे होईल ते गोडच होईल, आणि १२७ पर्यंत बिनधास्त दाबता येईल, मधला भाग सापडतोय का याची काळजीच नाही. स्ट्रिंगला तेवढा व्हायब्रेटो पुरतो. सिंथमध्ये लॅग, स्ल्यू किंवा स्मूदिंग असं काही दिसलं तर तेही थोडं लाव, दाब सोडताना आकडा धाडकन शून्यावर येतो तो झटका त्याने जातो.

जोरात नोट वाजवली की सुरुवातीला थरथर येते ती पण याच पट्टीमुळे. बोट वेगाने खाली आलं की तळाशी आदळतं, त्या आदळण्याचा दाब पट्टीला क्षणभर लागतो आणि ती आफ्टरटच पाठवून मोकळी होते. थ्रेशोल्ड वाढव, म्हणजे अमुक दाबाच्या खाली काही पाठवायचंच नाही. थ्रेशोल्ड नसेल तर व्हायब्रेटोला थोडा डिले असतो बऱ्याच सिंथमध्ये, तो वापर. आणि पियानो, ड्रम वगैरे रेकॉर्ड करताना आफ्टरटच फिल्टरच करून टाक, उगाच शेकडो आकडे ट्रॅकमध्ये साठतात आणि नंतर एडिट करताना डोकं खातात.

जे वाचक नवीन कीबोर्ड घ्यायच्या विचारात आहेत त्यांनी स्पेसिफिकेशनमध्ये आफ्टरटच कशाला आहे ते नीट वाचा. स्वस्त मिनी कीबोर्डमध्ये बऱ्याचदा पॅडला (ठोके वाजवायच्या रबरी चौकोनांना) असतो आणि कीजना नसतो, आणि खोक्यावर नुसतं आफ्टरटच एवढंच लिहिलेलं असतं.

प्रश्न: नमस्कार. माझी मुलगी दहा वर्षांची आहे, पियानो शिकते, क्लासमध्ये मोठा डिजिटल पियानो आहे आणि घरी ६१ कीजचा हलका कीबोर्ड लॅपटॉपला जोडून सराव करते. घरी ती अक्षरशः आपटून वाजवते, तरी आवाज येत नाही म्हणते, आणि क्लासच्या बाई म्हणतात हात कडक झालाय. कर्व्ह एकदम सॉफ्ट करून दिला तर चालेल का?
– एक पालक, नाशिक रोड

उत्तर: ताई, कर्व्हला हात लावायच्या आधी दोन गोष्टी बघा. फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून स्पीकर किंवा हेडफोनचा आवाज कमी ठेवता का? लहान मुलं कानाने वाजवतात, ऐकू आलं नाही की हात आपोआप जोरात जातो, आणि ही सवय लागली की सुटायला फार वेळ लागतो. तिला चांगले हेडफोन द्या आणि आवाज असा ठेवा की क्लासमधल्या पियानोवर सहज वाजवल्यावर जेवढं ऐकू येतं तेवढं घरी यावं. दुसरं म्हणजे कीबोर्ड जेवणाच्या टेबलावर असतो का? ते टेबल तिच्यासाठी उंच होतं, कोपर कीजच्या खाली राहतं, मनगट वर उचलावं लागतं, मग बोटं जोर कुठून आणणार, सगळा खांदा लागतो. बसल्यावर कोपर साधारण कीजच्या पातळीला यायला हवं. खुर्चीवर उशी ठेवून चालेल पण मग पाय लोंबकळतात, पायाखाली पाट द्या.

एवढं करूनही आकडे ५० च्या वर जात नसतील तर कर्व्ह जरासा हलका करा, म्हणजे वर फुगवा, एकच पायरी, पार टोकाला नेऊ नका. हलक्या कीबोर्डवर हात आधीच सैल पडतो, खऱ्या पियानोची की खाली जायला साधारण ५० ग्रॅम वजन लागतं आणि हे स्प्रिंगवाले कीबोर्ड हाताला अगदी वेगळे लागतात. त्यात कर्व्हही टोकाला नेला तर नुसत्या स्पर्शाने मोठा आवाज मिळायला लागेल आणि क्लासमधल्या पियानोवर बसली की हात अवघडेल. बाईंना एकदा घरच्या कीबोर्डवर वाजवून बघायला सांगता आलं तर उत्तम, त्या पाच मिनिटांत सांगतील. आणि सेटिंग एकदा ठरली की ती बदलत राहू नका, मुलांचा हात सेटिंगप्रमाणे घडतो, दर आठवड्याला वेगळा टच मिळाला तर घडणारच नाही.

प्रश्न: सर, आम्ही मंडळातली पोरं ढोलाचे आवाज पॅडवर वाजवून ट्रॅक करतो. नाशिक ढोलाचा दणका यावा म्हणून पॅड फुल जोरात मारतो तरी तो खरा वाटत नाही आणि ताशाच्या हलक्या काड्या तर येतच नाहीत. पॅडचा कर्व्ह कसा ठेवायचा?
– एक वाचक, सातपूर

उत्तर: पॅडखाली सहसा दाबाचे सेन्सर असतात, तिथे दोन कॉन्टॅक्ट आणि वेळ असा प्रकार नसतो. म्हणून पॅडला थ्रेशोल्ड हा फार महत्त्वाचा. ताशाच्या हलक्या काड्या येत नाहीत कारण त्या थ्रेशोल्डच्या खाली जातायत, तो कमी करा आणि ताशासाठी फुगलेला कर्व्ह ठेवा, म्हणजे हलकी काडीही ३०-४० पर्यंत पोचेल. फार कमी केलात तर शेजारच्या पॅडच्या धक्क्याने हा पॅड आपोआप वाजायला लागेल, तिथून एक पायरी मागे या.

ढोलाचं वेगळं आहे. पॅडवर फुल लेव्हल नावाचं बटण चालू असेल तर आधी बंद करा, ते चालू असताना प्रत्येक ठोका १२७ जातो, तुम्ही कितीही जीव ओतलात तरी. ते बंद असूनही खरा वाटत नसेल तर सॅम्पल, म्हणजे ढोलाचा रेकॉर्ड केलेला आवाज, तपासा. एकच ठोका रेकॉर्ड केलेला असेल तर व्हेलॉसिटीने फक्त आवाज कमीजास्त होतो, रंग बदलत नाही. आणि खऱ्या ढोलावर टिपरू हलकं पडलं आणि दणकून पडलं यात आवाजाचा रंगच बदलतो, पान वेगळं बोलतं. कर्व्ह हे कुठून आणणार? तुमच्याकडे ढोल आहे, पथक आहे, मग तुम्हीच रेकॉर्ड करा की! टिपरूचे हलके, मध्यम, जोराचे असे तीन थर, प्रत्येकाचे तीन-चार वेगवेगळे ठोके म्हणजे मशीनगनसारखं एकसारखं वाजणार नाही, आणि दुसऱ्या बाजूची हाताची थाप वेगळ्या पॅडवर. सँपलरमध्ये १ ते ५० ला हलका, ५१ ते ९५ ला मध्यम, ९६ ते १२७ ला जोराचा असं बसवा. मग पॅडचा कर्व्ह सरळ रेषेत ठेवा आणि वाजवा. वाजवताना सारखा वरचाच थर लागत असेल तर कर्व्ह थोडा खाली झुकवा म्हणजे दणका राखून ठेवला जाईल, समेवर येईल तेव्हा लोकांना कळेल.

माइक ढोलाच्या पानाला चिकटवू नका, हातभर लांब ठेवा, आणि बंद खोलीत रेकॉर्ड करू नका, कुठेतरी मोकळ्या मैदानात रहदारी कमी असताना करा. नाशिक ढोल उघड्यावर ऐकायची आपल्याला सवय आहे, खोलीत केलेला कानाला पटत नाही.

प्रश्न: लग्नाच्या ऑर्डरला बऱ्याचदा तिथला भाड्याचा कीबोर्ड मिळतो, प्रत्येक वेळी टच वेगळा. काय करावं? आणि मिडी २.० आलंय म्हणतात, त्याने हा प्रश्न सुटेल का?
– एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर: मिडी २.० जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं, त्यात व्हेलॉसिटी १२७ ऐवजी ६५ हजारांच्या वर पायऱ्यांची आहे, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये कर्व्ह ओढला तरी मध्ये भगदाडं पडणार नाहीत. पण कीबोर्ड, लॅपटॉप आणि प्लगइन तिघांनाही ते कळलं पाहिजे, आणि भाड्याचा कीबोर्ड तर जो मिळेल तो. त्यामुळे फक्त त्यासाठी आज पैसे घालू नका.

तुमच्या कामाचा उपाय साधा आहे. लॅपटॉपमध्ये तीन प्रीसेट करून ठेवा, घातांक ०.७, सरळ रेषा आणि १.५. भाड्याचा कीबोर्ड लावलात की आधी त्याचा स्वतःचा कर्व्ह नॉर्मलवर आणा, आधीच्या माणसाने काय करून ठेवलंय सांगता येत नाही. मग नेहमीचा एखादा मुखडा जसा कार्यक्रमात वाजवता तसाच वाजवा आणि आकडे बघा. बरेचसे ५० ते १०० मध्ये पडले तर सरळ रेषा, ५० च्या खाली रेंगाळले तर ०.७, सारखे ११० च्या वर गेले तर १.५. साउंड चेकच्या आधीच हे उरकून घ्या, कारण साउंडवाल्याने एकदा तुमची लेव्हल बसवली की नंतर कर्व्ह बदलल्यावर त्याचं सगळं गणित परत करावं लागतं.